कॉल कुठं तुटला, कुणी तोडला? कंपनीच्या व्हॉइस गेटवेतला बिघाड शोधताना

"सकाळधरनं फोन लागेना झालाय, बघा की जरा." बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो नाहीतर निपाणीतली तंबाखूची पेढी, तक्रार येते ती याच शब्दांत. एवढ्यावरून काहीच कळत नाही. नंबर दाबल्यावर नुसती शांतता आहे, की लगेच टूं-टूं वाजतंय? पलीकडं रिंग जाते, फोन उचललाही जातो, पण आवाज येत नाही असं आहे का? की बोलता बोलता अर्ध्या मिनिटात फोन पडतो? या प्रत्येक उत्तराचा रोख गेटवेच्या वेगळ्या भागाकडं असतो. तरी बरेच तंत्रज्ञ हे न विचारताच पेटी बंद-चालू करून मोकळे होतात.

ही पेटी म्हणजे व्हॉइस गेटवे. ती कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये असते. आपल्याकडं सर्व्हर रूम म्हणजे बहुधा अकाउंट्स विभागामागची कपाटाएवढी खोली. कुठं सिस्कोचा राउटर हे काम करतो, कुठं ऑडिओकोड्सची पेटी असते, कुठं मॅट्रिक्सची. पेटीगणिक आज्ञा बदलतात, पण कॉल अडकायच्या जागा सगळीकडं त्याच. मी उदाहरणं सिस्कोची घेतोय, कारण त्याचे लॉग वाचायला शिकलं की बाकीच्यांचे आपोआप उमगतात.

दोन तुकड्यांचा प्रवास

ऑफिसातले टेबलावरचे फोन संगणकाच्याच जाळ्यावर चालतात आणि एकमेकांशी एसआयपी नावाच्या पद्धतीनं बोलतात. टेलिफोन कंपनीकडून आत येणारी लाइन मात्र वेगळी असते. मोठ्या ऑफिसात पीआरआय असते: सेकंदाला २.०४८ मेगाबिटची एक ई१ लाइन, तिचे ३२ कप्पे. शून्य क्रमांकाचा कप्पा ताल राखण्यासाठी, सोळावा निरोपांसाठी आणि उरलेले ३० बोलण्यासाठी. म्हणजे एका पीआरआयवर एका वेळी ३० कॉल. लहान ऑफिसात गेटवेच्या एफएक्सओ पोर्टला साध्या लँडलाइन जोडलेल्या असतात. आणि आता बऱ्याच ठिकाणी पीआरआय काढून एसआयपी ट्रंक येतेय, म्हणजे बाहेरची लाइनही आयपीवरच, संगणकाच्या जाळ्यावर.

गेटवे या दोन जगांच्या मधे बसतो. म्हणून त्याच्यातून जाणारा प्रत्येक कॉल हा खरं तर दोन कॉल असतात: एक आतला, फोनपासून गेटवेपर्यंत, दुसरा बाहेरचा, गेटवेपासून टेलिफोन कंपनीपर्यंत. बेळगावहून आजऱ्याला निघालेला माणूस संकेश्वरला गाडी बदलतो, तसंच हे. तो आजऱ्याला पोचला नाही तर आधी विचारायचं, संकेश्वरला उतरला होता का? उतरला असेल, तर पुढची एसटी मिळाली का? बेळगाव स्टँडवर जाऊन तीच चौकशी चारदा करण्यात अर्थ नसतो. गेटवेवरच्या तपासाचंही तेच. आतला तुकडा गेटवेपर्यंत आला का, आणि गेटवेनं बाहेरचा तुकडा सुरू केला का, या दोन प्रश्नांवर अर्धं काम उरकतं.

दुसरी गोष्ट, निरोप आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. "या नंबरला फोन लाव, रिंग दे, उचलला, ठेवला" हे सगळे निरोप. प्रत्यक्ष बोलणं वेगळ्या पाकिटांतून, वेगळ्या पोर्टवरून (जाळ्यावरच्या वेगळ्या क्रमांकाच्या दारातून) धावतं. त्यामुळं रिंग जाते, फोन उचलला जातो, बिलही सुरू होतं आणि ऐकू मात्र काही येत नाही, हे अगदी शक्य आहे. अशा वेळी पीआरआय तपासत बसणाऱ्याचा दिवस वाया जातो.

कॉल पडला तेव्हा काय ऐकू आलं?

तक्रार करणाऱ्याकडून चार गोष्टी काढून घ्यायच्या: कुठल्या फोनवरून लावला, नंबर आकड्यागणिक काय दाबला, घड्याळात किती वाजले होते, आणि कानाला काय ऐकू आलं. चौथी गोष्ट लोकांना क्षुल्लक वाटते, पण तीच जास्त कामाची.

सीमाभागात तर तिचा एक जादा फायदा आहे. कॉल न लागता रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू आला, तर तो कुठल्या भाषेत होता हे विचारा. आपल्या कर्नाटक सर्कलच्या नेटवर्कवर अडलेल्या कॉलला बहुधा कन्नडमधून सूचना मिळते. कोल्हापूरचा किंवा गडहिंग्लजचा नंबर लावल्यावर मराठीतून सूचना आली, तर कॉल महाराष्ट्राच्या नेटवर्कपर्यंत पोचून तिथं अडलाय, असा अंदाज बांधता येतो. हा पक्का पुरावा नव्हे. पण सूचना कुठल्याही भाषेत असो, कॉल बहुधा गेटवेतून बाहेर पडलाय. मग आपल्या रॅकमधल्या तारा उपसायची गरज नाही. याउलट गेटवेनं स्वतःच कॉल नाकारला असेल तर कुणी बाई बोलत नाही, नुसता झरझर टोन वाजतो.

पीआरआयची तब्येत

बाहेरच्या तुकड्याची तपासणी खालून वर करायची. आधी तार, मग तारेवरचा संवाद, मग प्रत्यक्ष कॉल.

तारेसाठी आज्ञा आहे 'शो कंट्रोलर्स ई१'. इथं लाल अलार्म म्हणजे आपल्याला पलीकडचा सिग्नल मिळत नाही. पिवळा त्याच्या उलट: पलीकडच्याला आपला मिळत नाही, म्हणून तो आपल्याला कळवतोय. पिवळा दिसल्यावर टेलिफोन कंपनीला शिव्या देण्याआधी आपल्याच बाजूनं जाणारी जोडी, कनेक्टर आणि मोडेम पाहावा. अलार्म नाही पण 'स्लिप सेकंद' वाढत चाललेत, तर घड्याळं जुळत नाहीत. पीआरआयचा ताल टेलिफोन कंपनीकडून घ्यायचा असतो. गेटवे स्वतःच्या घड्याळावर चालू लागला तर दर थोड्या वेळानं आवाजाच्या डेटाची एखादी चौकट (फ्रेम) गळते. बोलताना अधूनमधून टक् असा आवाज येतो, फॅक्स अर्ध्यावर तुटतात. आवाजाची तक्रार आली की लोक नेटवर्कवर संशय घेतात आणि घड्याळ विसरतात.

तार ठीक असेल तर 'शो आयएसडीएन स्टेटस'. तिथं दुसऱ्या थरापुढं 'मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड' असं दिसलं की दोन्ही टोकांचा संवाद चालू आहे. 'टीईआय असाइन्ड' एवढ्यावरच गाडी अडली असेल तर तार जोडलेली आहे पण पलीकडून उत्तर नाही. बहुतेक वेळा सोळावा कप्पा, एक्स्चेंजच्या स्विचचा प्रकार किंवा सीआरसी-४ ची (तारेवरच्या चुका पकडणाऱ्या तपासणीची) सेटिंग दोन्हीकडं सारखी नसते. नवी लाइन बसवल्यावर हे हमखास दिसतं. वर्षभर चाललेली लाइन अचानक या अवस्थेत गेली, तर बदल बहुधा पलीकडं झालाय.

कॉज कोड

आता प्रत्यक्ष कॉल. 'डीबग आयएसडीएन क्यू९३१', म्हणजे निरोप येतील-जातील तसे दाखवणारी आज्ञा, चालू करून एकच कॉल लावून बघायचा. एकच, कारण दहा जणांनी एकदम लावलं तर लॉगमधून काही उमजत नाही. इथं बघायचं ते 'डिस्कनेक्ट' हा निरोप आधी कुणी पाठवला. ओळीच्या सुरुवातीला 'आरएक्स' असेल तर तो बाहेरून आला, 'टीएक्स' असेल तर आपल्या गेटवेनं पाठवला. एवढ्या एका अक्षरानं भांडण मिटतं. टेलिफोन कंपनी म्हणते तुमच्याकडून कट होतोय, आपण म्हणतो तुमच्याकडून, आणि लॉगमध्ये ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.

त्या निरोपासोबत कॉज कोड येतो. ही यादी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) क्यू.८५० मानकातली, त्यामुळं जगभर सारखी. सोळा म्हणजे कुणीतरी रीतसर फोन ठेवला, बिघाड नव्हे. सतरा म्हणजे नंबर व्यस्त. अठरा आणि एकोणीस पलीकडून उत्तर नसल्याचे. एक म्हणजे असा नंबरच अस्तित्वात नाही. अठ्ठावीस म्हणजे नंबर अपुरा किंवा चुकीच्या साच्यात पाठवला. चौतीस म्हणजे मोकळा मार्ग नाही. एकवीस म्हणजे नाकारला, त्याबद्दल पुढं.

एक आणि अठ्ठावीस आले की दहातल्या नऊ वेळा दोष आपल्या आकड्यांत असतो. चौतीस आला तर आधी मोजा: तीसच्या तीस मार्ग, म्हणजे बोलण्याचे कप्पे, खरंच भरलेत का? भरले असतील तर ती गर्दी आहे. भरले नसताना चौतीस येत असेल तर मार्ग अडकलेले असतात. कधी कधी दोन्ही बाजू एकाच वेळी एकच मार्ग पकडायला धावतात आणि एका कॉलचा बळी जातो. म्हणून आपण शेवटून मार्ग धरायचे आणि टेलिफोन कंपनीनं पहिल्यापासून, असं एकमेकांत ठरवून घेतात. नवीन जोडणीच्या वेळी हे विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो.

लॉगमध्ये कोड कच्च्या रूपात दिसतो, उदाहरणार्थ ८२९१. शेवटचे दोन आकडे कारण सांगतात. ते सोळाच्या पायावर मोजलेले (हेक्साडेसिमल) आहेत, त्यातून ८० वजा केले की ११ उरतो, म्हणजे आपल्या मोजणीत सतरा, व्यस्त. यातला दुसरा आकडा, म्हणजे २, मला कारणाइतकाच महत्त्वाचा वाटतो: कॉल कुठल्या ठिकाणाहून तोडला गेला ते तो सांगतो. शून्य म्हणजे थेट पलीकडचं टोक, दोन म्हणजे आपल्याला सेवा देणारं सार्वजनिक नेटवर्क, तीन म्हणजे मधलं नेटवर्क, चार म्हणजे समोरच्याला सेवा देणारं नेटवर्क. 'नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे' असं मोघम बोलण्यापेक्षा 'तुमच्याच एक्स्चेंजनं, ठिकाण दोनवरून, कारण चौतीस देऊन कॉल परत केला' असं सांगितलं की समोरचा इंजिनिअर सावरून बसतो.

आकड्यांचा घोळ, आणि आपल्याकडं तो जास्त का

माझ्या मते गेटवेवरच्या 'फोन लागत नाही' तक्रारींचं सगळ्यात मोठं मूळ म्हणजे आकडे. तारा क्वचित बिघडतात. आकड्यांच्या नियमांत मात्र दर वेळी कुणीतरी हात घालतं.

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१. गोव्याचा ०८३२. कोल्हापूरचा ०२३१. खानापूरला ०८३३६, निपाणी-चिकोडीला ०८३३८. म्हणजे शेजारच्या गावासाठीही कोड वेगळा, आणि कोडची लांबीही वेगळी. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात हा हिशेब पक्का असला, तरी गेटवेला तो कुणीतरी शिकवावा लागतो. एखाद्यानं बेळगाव-गोवा अशा दोन्ही शाखांसाठी घाईत '०८३' एवढ्यावरच नियम लिहिला, तर बेळगाव, गोवा, खानापूर सगळे एकाच वाटेनं निघतात. गेटवे नेहमी सगळ्यात जास्त आकडे जुळणारा नियम निवडतो. अचूक नियम नसेल तर ढोबळ नियमाला बळी पडतो, आणि तक्रार करत नाही.

सिस्कोत या नियमाला डायल पीअर म्हणतात. त्याची एक खोड नवशिक्यांना छळते. बाहेरच्या लाइनकडं जाणाऱ्या डायल पीअरवर जे आकडे तुम्ही स्पष्ट लिहिता, ते जुळले की गेटवे ते गिळून टाकतो आणि उरलेलेच पुढं पाठवतो. '९' हा बाहेरची लाइन घेण्याचा आकडा असेल, तर '९' गिळला जाणं बरोबरच. पण ११२ साठी वेगळा नियम लिहिला आणि तीनही आकडे स्पष्ट दिले, तर गेटवे तिन्ही गिळतो आणि टेलिफोन कंपनीला काहीच पाठवत नाही. आणीबाणीचा नंबर कुणी रोज लावून बघत नाही, त्यामुळं ही चूक महिनोन्महिने दडून राहते. 'फॉरवर्ड डिजिट्स ऑल' ही एक ओळ तिथं लागते. तुमच्याकडं गेटवे असेल तर ही ओळ आजच बघा.

मग शून्याचा घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावं लागतं. पीआरआय ही लँडलाइनच, म्हणून नियम तिलाही लागू. बऱ्याच कंपन्यांनी तेव्हा गेटवेवर मोबाइल नंबरांना आपोआप शून्य जोडण्याची सोय केली. मग लोक स्वतःही शून्य दाबू लागले आणि दोन शून्यं जाऊ लागली. दोन शून्यं म्हणजे परदेश. ज्या ऑफिसात बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच दाबतात तिथं तर आणखी मजा: माणूस शून्य, शून्य, मग मोबाइल नंबर अगदी बरोबर दाबतो आणि आयएसडी बंद ठेवण्यासाठी कधीकाळी लिहिलेला '००' चा नियम तो कॉल अडवतो. कॉल बाहेर पडतच नाही, टेलिफोन कंपनीकडं त्याची नोंदही नसते, आणि सगळे लाइनला दोष देतात.

उलट दिशेचा त्रास म्हणजे मिस्ड कॉल. बाहेरून आलेला नंबर फोनच्या पडद्यावर दहा आकडी दिसतो. ग्राहकाला परत फोन करायला तिथंच बटण दाबलं, तर बाहेरच्या लाइनचा आकडाही नाही आणि मोबाइलचं शून्यही नाही. लागणार कसा? आत येतानाच नंबरापुढं हे आकडे जोडणारा ट्रान्सलेशन रूल लिहिला की काम होतं. एसआयपी ट्रंकवर साचा पुन्हा वेगळा असू शकतो. काही कंपन्या अधिक ९१ सकट नंबर मागतात, काही नुसते दहा आकडे. पीआरआय काढून ट्रंक घेतल्यावर पहिल्या दिवशी जे कॉल बोंबलतात ते यामुळं.

दोन लक्षणं पटकन सांगून टाकतो. नंबर दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही आणि मग कॉल जातो, तर गेटवे किंवा कॉल सर्व्हर (ऑफिसातले फोन सांभाळणारा संगणक) 'आणखी आकडे येतील' म्हणून थांबलाय. सिस्को गेटवेवर ही वाट मुळात १० सेकंदांची असते. नियमात आकड्यांची नेमकी संख्या लिहा. आणि बाहेरून फोन करणाऱ्याला रिंगऐवजी पुन्हा डायल टोन ऐकू येत असेल, तर आत येणाऱ्या डायल पीअरवर 'डायरेक्ट इनवर्ड डायल' ही ओळ नाही.

आतला तुकडा: एसआयपीचे आकडे

एसआयपीच्या बाजूला कॉज कोडऐवजी तीन आकडी उत्तरं असतात. शंभराच्या घरातली 'काम चालू आहे' सांगतात, दोनशे म्हणजे झालं, चारशेच्या पुढची नकाराची. ४०४ म्हणजे असा नंबर माझ्याकडं नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही. ४८६ व्यस्त. ५०३ म्हणजे सेवा आत्ता उपलब्ध नाही. ४८८ म्हणजे आवाजाच्या पद्धतीवर दोघांचं एकमत झालं नाही: एक जी.७२९ च मागतोय आणि दुसऱ्याला जी.७११ च येतं. या दोन पद्धतींतला फरक भाराचा आहे. आयपीच्या वेष्टणासकट जी.७११ चा एक कॉल एका दिशेनं साधारण ८० किलोबिट खातो, जी.७२९ चा २४. उद्यमबाग आणि कोल्हापूरजवळचं गोकुळ शिरगाव अशा दोन ठिकाणी कारखाना असलेले लोक मधल्या लिंकवर जी.७२९ ठेवतात, आणि मग एखादी नवी यंत्रणा फक्त जी.७११ घेऊन येते.

अशा आंतरराज्य शाखा असणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावं. खासगी आयपी जाळ्यावरून कॉल नेऊन दुसऱ्या शहरातल्या सार्वजनिक लाइनवर उतरवणं, म्हणजे एसटीडी चुकवणं, यावर आपल्या देशात बंधनं आहेत. सिस्कोच्या कॉल मॅनेजर या कॉल सर्व्हरमध्ये त्यासाठी लॉजिकल पार्टिशनिंग नावाची सोय आहे. ती चालू असेल तर काही ट्रान्सफर आणि कॉन्फरन्स मुद्दाम नाकारले जातात. तो बिघाड समजून 'दुरुस्त' करायला जाऊ नये.

एकवीस क्रमांकाचं कारण, नाकारला, याची एक खास कथा आहे. सिस्कोच्या आयओएस (राउटरची कार्यप्रणाली) १५.१(२)टी आवृत्तीपासून गेटवे अनोळखी आयपी पत्त्यावरून आलेले कॉल आपणहून नाकारतो, एकवीस देऊन. हे फुकट्या कॉलचोरांपासून वाचण्यासाठी. जुना राउटर बदलून नवा बसवला, सेटिंग हुबेहूब उतरवली, आणि आत येणारे सगळे कॉल बंद, तर आधी विश्वासू पत्त्यांची यादी बघा. काही जण ही सोयच बंद करून टाकतात. ते करू नये. उघड्या गेटवेवरून रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल कंपनीच्या नावावर येतं.

लागला, पण ऐकू येईना

एका बाजूचाच आवाज येणं हा जवळजवळ नेहमी वाटेचा दोष असतो. निरोप ५०६० पोर्टवरून जातात, आवाज दुसऱ्याच पोर्टवरून. जुन्या सिस्को गेटवेवर तो १६३८४ ते ३२७६७ यांच्या दरम्यान असतो. फायरवॉलमध्ये ५०६० उघडा आणि बाकी बंद, तर रिंग छान जाईल आणि बोलणं मुकं राहील. दुसरं कारण पत्ता. फोन निरोपात लिहून पाठवतो की 'माझा आवाज या पत्त्यावर पाठव'. तो पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी असेल तर बाहेरच्याला तिथं पोचताच येत नाही. स्वस्तातल्या ब्रॉडबँड राउटरांत एसआयपी एएलजी नावाची एक मदतनीस सोय चालू असते, ती हे पत्ते परस्पर बदलायला जाते आणि निम्म्या वेळा बिघडवून ठेवते. मी ती दिसली की बंद करतो.

फोन दर वेळी बरोबर बत्तीस सेकंदांनी पडत असेल तर लाइन, पाऊस, नेटवर्क यांना निर्दोष सोडा. एसआयपीत फोन उचलल्याचा निरोप गेला की त्याची पोच परत यावी लागते. पोचीची वाट बघण्याचा काळ अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे ३२ सेकंद. ती आली नाही तर यंत्र कॉल तोडतं. पोच का हरवली? पुन्हा तेच, चुकीचा पत्ता किंवा फायरवॉल.

मग बटणांची तक्रार, जी आपल्याकडं फार ऐकू येते. 'कन्नडसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा.' माणूस दोन दाबतो, यंत्र ढिम्म, पुन्हा कन्नडच सुरू. लोक वैतागून यात नको तो अर्थ काढतात! बटणाचा सूर जी.७२९ सारख्या पद्धतीत दाबला जाऊन विकृत होतो आणि पलीकडच्या यंत्राला ओळखता येत नाही. म्हणून बटणं सुराऐवजी वेगळ्या पाकिटातून पाठवायची असतात. त्याचं मानक आधी आरएफसी २८३३ होतं, २००६ पासून ४७३३. दोन्ही टोकांनी तेच मान्य केलेलं असावं. आत येणारा कॉल कुठल्याच डायल पीअरशी जुळला नाही तर सिस्को गेटवे तो शून्य क्रमांकाच्या आपोआप असलेल्या पीअरवर टाकतो, आणि त्या पीअरला तुम्ही लिहिलेली बटणांची सेटिंग लागूच होत नाही. सगळं बरोबर लिहूनही बटणं चालत नसतील तर कॉल शून्यावर पडतोय का, ते आधी पाहा.

खानापूर-जांबोटीकडच्या लँडलाइन

तालुक्याच्या लहान ऑफिसात अजून एफएक्सओ आहे. पावसाळ्यात तांब्याच्या जोडीत पाणी शिरतं, खरखर वाढते, वीज कडाडली की पोर्ट जळतं. यावर चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर एवढंच. पण एक दोष बाराही महिने असतो. बाहेरच्या माणसानं फोन ठेवला हे साध्या लाइनवर गेटवेला आपोआप कळत नाही. त्याला व्यस्त टोन ओळखून ते ताडावं लागतं, आणि भारतातला टोन ४०० हर्ट्झचा, अमेरिकेहून वेगळा. गेटवे अमेरिकेच्या सेटिंगवर राहिला तर टोन वाजत राहतो आणि पोर्ट 'चालू आहे' समजून अडून बसतं. चारच्या चार लाइन अशा अडल्या की फोन लागत नाही. पेटी बंद-चालू केली की दोन दिवस बरं वाटतं. व्हॉइस पोर्टवर भारताचा टोन निवडा आणि टोन ओळखून लाइन सोडण्याची सोय चालू करा.

बंद-चालू करण्याआधी

रीस्टार्टला माझा विरोध आहे तो यासाठी की त्यानं पुरावा पुसला जातो. कुठलं पोर्ट अडकलं होतं, शेवटचा कॉज कोड काय होता, सगळं मेमरीत असतं आणि वीज गेली की जातं. आधी 'शो व्हॉइस कॉल समरी', 'शो कॉल हिस्टरी व्हॉइस ब्रीफ' आणि 'शो लॉग' यांची नक्कल काढून ठेवा, मग हवं तर बंद करा. डीबग चालवायचं असेल तर कन्सोलवर (थेट पडद्यावर) नको, बफरमध्ये (राउटरच्या मेमरीत). गर्दीच्या वेळी कन्सोलवर डीबग ओतलं की राउटर गुदमरतो. आणि गेटवेचं घड्याळ एनटीपीनं, म्हणजे जाळ्यावरून वेळ घेण्याच्या पद्धतीनं, जुळवलेलं असू द्या. लॉगमध्ये १९९३ सालची तारीख दिसणारे राउटर मी अजून बघतो. टेलिफोन कंपनीच्या नोंदीशी ती वेळ कशी जुळवणार?

त्यांच्याकडं तक्रार नोंदवताना डॉकेटमध्ये कुणाचा नंबर, कुणाला, किती वाजून किती सेकंदांनी, कोणी तोडला आणि कॉज कोड काय, एवढं लिहा. एका न लागलेल्या कॉलसोबत त्याच दिशेचा एक लागलेला कॉलही द्या. दोन्ही शेजारी ठेवले की फरक त्यांना लगेच दिसतो.

दुरुस्ती झाली म्हणून सांगतील तेव्हा एकच कॉल लावून समाधान मानू नका. गावातली लँडलाइन, मोबाइल, कोल्हापूरचा आणि गोव्याचा एसटीडी, बाहेरून आत येणारा, बटणं दाबायला लावणारा, आणि ट्रान्सफर केलेला, इतके तरी हवेत. एसआयपी ट्रंक असेल तर एक कॉल अर्धा तास चालू ठेवा. एसआयपीत कॉल जिवंत असल्याची खात्री करून घेण्याची मुदत साधारणपणे १८०० सेकंदांची असते आणि विचारणा तिच्या निम्म्यावर होते. मधली फायरवॉल ती विचारणा गिळत असेल, तर दोन मिनिटांच्या चाचणीत काही दिसणार नाही. कॉल दर वेळी त्याच ठरावीक मिनिटाला पडला, तर टेलिफोन कंपनीला फोन करण्याआधी फायरवॉल सांभाळणाऱ्याला बोलवा.